क्रेचमारची जाईबाई

सोमवार, १२ सप्टेंबर १९८३

आजपासून नोकरी. जूनमध्ये कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला, तेव्हाच ठरवलं होतं की पुन्हा कामावर जाईन त्या दिवशी डायरी सुरू करायची. म्हणून ही वही.

फाउंड्री एल्जिनला आहे, घरापासून पंचवीस मिनिटं. शॉमबर्गच्या काचेच्या इमारतीत अकरा वर्षं टाय लावून बसलो, आता पायांत पोलादी टोकाचे बूट. इथे पंपांची कवचं ओततात आणि मी ती तपासायची. बुडबुडे, भेगा, कमीजास्त जाडी.

संध्याकाळी उल्हास जोशीचा फोन. आमच्या मराठी मंडळाचा हा सेक्रेटरी, मूळ पुण्याचा. "काय रे भानुदास, जॉईन झालास? डेझिग्नेशन काय?" मी म्हणालो, मटेरियल्स कन्सल्टंट. माझी बायको विनीता भाजी चिरत होती, तिने सुरी थांबवून माझ्याकडे पाहिलं. पण मटेरियल आहेच की, आणि सल्लाही देतोच.

गुरुवार, २२ सप्टेंबर

मालकाने आज मला एका जर्मन म्हाताऱ्याकडे धाडलं. वर्षाला दोनतीन मूर्ती तो आमच्याकडे ओतून घेतो आणि दर वेळी कोणाशी तरी भांडतो. या खेपेला भांडायला मी. नाव एर्विन क्रेचमार, वय एकोणऐंशी. गावाबाहेर एका जुन्या बार्नमध्ये, म्हणजे शेतावरच्या लाकडी कोठारात, राहतो आणि तिथेच मूर्ती घडवतो. आत फळ्यांवर नुसती डोकी मांडलेली. म्हाताऱ्या बाया, दात गेलेले गडी, एक दूधवाला, एक नर्स. दिवाणखान्यात ठेवावा असा एकही चेहरा नाही.

माहिती काढली ती अशी. सॅक्सनीतल्या खेड्यात जन्म, बाप थडग्यांचे दगड घडवायचा. ड्रेसडेनला शिकला. १९५१ साली इकडे आला आणि एका कॉलेजात शिकवायला लागला. पुढे कॉलेजला माणसांच्या आकृत्या नकोशा झाल्या, वाकवलेले पाइप आणि पत्रे हवेसे झाले, तेव्हा हा घरी बसला. बायको वारली. आता कोणी फारसं विकत घेत नाही, तरी रोज सकाळी सातला माती मळतो.

मी मिश्रधातूचा विषय काढला. त्याने मला स्टुलावर बसवलं, दहा मिनिटं माझं तोंड न्याहाळलं आणि म्हणाला, "नाही. तुझं तोंड सारखं कुठलंतरी उत्तर तयार करत असतं. त्याचं काही करता येणार नाही." मी मूर्ती करून घ्यायला गेलोच नव्हतो! भयंकर राग आला. घरी येऊन आरशात पाहिलं. बरं आहे की तोंड.

रविवार, २ ऑक्टोबर

आई आली. ओहेअर विमानतळावर व्हीलचेअरवरून आली आणि मला पाहिल्यावर खुर्ची ढकलणाऱ्या मुलीला म्हणाली, "उतरू दे आता मले, पोरगा आला माहा." एक एप्रिलला परत जायचं, म्हणजे सहा महिने. आमची मुलगी सीमा दहा वर्षांची आहे आणि आजीला पहिल्यांदाच पाहत होती. "हाय आजी," म्हणाली आणि लाजून विनीताच्या मागे गेली.

जेवण झाल्यावर आईने भांडी घासायला घेतली. विनीताने डिशवॉशर उघडून दाखवला. आईने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "हे तर नुसतं पाण्यानं भिजवते. घासते कोण?" शेवटी तिने सगळी भांडी हाताने घासली आणि डिशवॉशरच्या जाळीत पालथी घातली.

एक गोष्ट लिहून ठेवतो, इथे तरी लिहायला हरकत नाही. १९६९ साली मी या देशात आलो तेव्हा उल्हास मला पहिल्याच आठवड्यात भेटला होता. गजभिये हे आडनाव ऐकल्यावर त्याने तो विषय सोडून दिला आणि विचारलं, आई काय करते? मी म्हणालो, शाळेत होती. त्याने "वा, शिक्षिका" म्हटलं आणि मी ते तसंच राहू दिलं. शाळेत होती हे खोटं नाही. झाडू मारायला होती. आणि सकाळ-संध्याकाळ नागपूरला धरमपेठेत चार घरची भांडी घासायची. त्यावर मी इंजिनियर झालो. विनीताला हे लग्नाआधीपासून माहीत आहे. सीमाला माहीत नाही, मंडळात कोणालाच नाही. चौदा वर्षं झाली, आता कुठे दुरुस्त करत बसायचं?

गुरुवार, २० ऑक्टोबर

घरात दिवसभर एकटीला आईला भीती वाटते. घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी आपोआप सुरू होते, तिला वाटतं खाली कोणी आहे. म्हणून आज क्रेचमारकडे जाताना तिला बरोबर घेतलं. म्हटलं, अर्धा तास बसेल कोपऱ्यात.

तिने आत जाऊन हात जोडले, "जय भीम" म्हणाली. क्रेचमारने टोपी काढली. तिला खुर्ची दिली, खिडकीचं मळकं कापड बाजूला केलं आणि तिच्याभोवती फिरायला लागला. माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. तिने पिशवीतून ताटली आणि तांदूळ काढले आणि निवडायला बसली, कारण तिला रिकामं बसता येत नाही. तास झाला, दीड झाला. मग म्हणाला, "मंगळवारी आणि गुरुवारी आणायचं. तांदळासकट."

गाडीत आई म्हणाली, "तो शिंपी हाये का? माप घेऊन राह्यला होता."

विनीताला सांगितलं तर हसली. "बसू दे की. कोणीतरी त्यांच्याकडे नीट बघतंय."

शनिवार, १२ नोव्हेंबर

मंडळाची दिवाळी झाली, एका शाळेच्या हॉलमध्ये. उल्हासला मूर्तीचं कुठून तरी कळलं होतं (विनीताकडून). स्टेजवरून जाहीर केलं, "आपल्या एका निवृत्त शिक्षिकेचं शिल्प एक जर्मन आर्टिस्ट करतो आहे, आपल्या सगळ्यांना प्राउड मोमेंट आहे." टाळ्या. मीही वाजवल्या.

जेवताना तो आईशेजारी येऊन बसला. "मावशी, कुठल्या शाळेत होता आपण?"

आई म्हणाली, "म्युनिसिपालटीच्या. अठरा वर्षं."

"वा! म्हणजे किती पिढ्या घडवल्या असतील."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहिलं. ती म्हणाली, "पोरं होती बाप्पा खूप."

परत येताना सीमा गाडीत झोपली. मग मागच्या सीटवरून आईने विचारलं, "मी कोणता विषय शिकवत होती रे?"

मी म्हणालो, गणित.

"बरं," म्हणाली.

मंगळवार, २९ नोव्हेंबर

मातीचं काम जवळजवळ झालं. बसलेली बाई, दोन फूट उंच, मांडीवर ताटली. चेहरा आईचाच आहे, यात शंका नाही. पण हात फार मोठे केलेत. मी तसं सांगितलं, प्रमाण चुकलंय म्हणून. क्रेचमारने कॅलिपर माझ्या हातात दिला. "मी मोजलेत. तूही मोज."

मोजले. मूर्ती खऱ्याच्या निम्मी आहे, हिशेब सोपा. बोटांची पेरं आणि सांधे मोजले, मनगट मोजलं. आई म्हणाली, "बांगड्या घेऊन राह्यला का मले?" सगळी मापं बरोबर निघाली. बेचाळीस वर्षांत तिचा हात मी असा कधी धरून पाहिला नव्हता. उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत हे मला माहीतच नव्हतं.

क्रेचमारने विचारलं, "या हातांनी काय केलं आयुष्यभर?"

मी म्हणालो, टीचर होती. गणित.

त्याने तिचे हात पुन्हा एकदा पाहिले. "टीचर. अस्सं," म्हणाला आणि माती ओल्या फडक्यात गुंडाळायला लागला. आईला ते ओलं फडकं फार पटतं, माठाला बांधतात तसं. दोघं आपापल्या भाषेत एकमेकांशी तासभर बोलतात आणि कोणाचंच काही अडत नाही. आईचं नाव जाईबाई, पण जर्मन लोक ज चा य करतात, म्हणून तो तिला याईबाई म्हणतो, ती त्याला बाबूजी.

मंगळवार, ६ डिसेंबर

सकाळी बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, आईने वंदना म्हटली. मग तिला क्रेचमारकडे घेऊन गेलो. आई शेकोटीजवळ डुलकी काढत होती तेव्हा त्याने एक फोल्डर आणून माझ्यापुढे उघडलं. जुने फोटो होते. उघडे, तगडे तरुण, छाती पुढे, हनुवटी वर, कोणाच्या हातात मशाल, कोणाच्या तलवार. सगळे चकचकीत. मी म्हणालो, छान आहेत, आखाड्यातल्या पैलवानांसारखे. खरंच छान होते, या म्हाताऱ्या डोक्यांपेक्षा कितीतरी.

"छान व्हावेत असाच नाझींचा हुकूम होता," तो म्हणाला. "अकरा केल्या. सरकारी कचेऱ्यांसमोर उभ्या असायच्या आणि रोज सकाळी कोणीतरी घासून चमकवायचं. चमक हवी असं पत्रातच लिहिलेलं असे. त्या कचेऱ्यांच्या आत काय चालायचं ते मला माहीत होतं. माहीत असून केल्या."

मग म्हणाला, "इकडे येताना फॉर्मवर लिहिलं, थडग्यांचे दगड घडवणारा. खोटं नव्हतं. तरुणपणी दोन वर्षं घडवले होते. लोकांनी तेच धरलं आणि मीही. बत्तीस वर्षं झाली." फोल्डरची दोरी बांधताना त्याला गाठ जमेना. "तेव्हापासून माझी एकही मूर्ती चमकत नाही. चमकू देत नाही."

हे सगळं मला का सांगितलं कळलं नाही. एकटा माणूस, बोलायला कोणी नसतं, असं असावं.

बुधवार, १८ जानेवारी १९८४

आज ओतकाम. बाहेर उणे तापमान, ख्रिसमसपासून हेच चाललंय. मातीवरून काढलेली मेणाची मूर्ती मी स्वतः साच्यात बसवली, मेण वितळून जाईपर्यंत साचा स्वतः भाजला, बाकी कोणाला हात लावू दिला नाही. धातू तयार झाल्यावर क्रेचमार लांब उभे होते, त्यांनी हात मागे बांधले होते आणि भांडायची काही चिन्हं नव्हती. मी ओतायची खूण केली. साचा भरला, वरच्या नळ्यांतून धातू सारखा वर आला, कुठे अडला नाही.

चार वाजता साचा फोडला. ताटलीची कड, तांदळाचे दाणे, पदराची चुणी, सगळं आलं. एक बुडबुडा नाही. वीस वर्षांत इतकं स्वच्छ काम माझ्या हातून झालेलं नाही आणि मला ते कोणालातरी ओरडून सांगावंसं वाटलं. क्रेचमारांनी मूर्तीच्या गालावरची राख अंगठ्याने पुसली आणि माझा हात हातात घेतला. "आता तुझं तोंड बरं दिसतंय," म्हणाले.

रविवार, ११ मार्च

क्रेचमारांचं प्रदर्शन ठरलं. एल्जिनमधली छोटी गॅलरी, एकतीस मार्च, शनिवार, दुपारी दोन. चौदा वर्षांतलं पहिलं आणि ते म्हणतात शेवटचं. मधोमध आईची मूर्ती.

नऊ दिवस ते पॅटिना चढवत होते. पॅटिना म्हणजे ब्राँझवर मुद्दाम आणलेला काळसर रंग. गॅसच्या ज्योतीने धातू तापवायचा, ब्रशने रसायन लावायचं, पुन्हा तापवायचा, शेवटी मेणाचा हात. त्यांचा हात आता थरथरतो, ज्योत एका हाताने धरून दुसऱ्याने मनगट धरतात. रंग गडद तपकिरी आला, चुण्यांमध्ये किंचित हिरवा. "हे पुन्हा मला जमणार नाही," म्हणाले.

गॅलरीवालीला कार्डासाठी नाव हवं होतं. क्रेचमारांनी मला विचारलं. मी म्हणालो, 'द टीचर'. मंडळाच्या अंकात तसं छापूनही आलं होतं, आता दुसरं काय सांगणार? ते म्हणाले, "नक्की? कार्ड तुझ्या शब्दावर लिहितोय." मी नक्की म्हणालो. विनीता हे ऐकून दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

मंडळाची वीसपंचवीस माणसं येणार आहेत. कोणी आईला धड्याबिड्याचं विचारलं तर काय बोलायचं ते तिला शिकवून ठेवायला हवं. दोनदा विषय काढायला गेलो, दोन्ही वेळा ती म्हणाली, "गणित. माहीत हाये मले."

शुक्रवार, ३० मार्च

सगळं क्रमाने लिहितो.

बार्नच्या रस्त्यावर बर्फ वितळून चिखल झाला, उद्या व्हॅन रुतेल म्हणून मूर्ती मी कालच घरी आणून ठेवली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चादरीत गुंडाळून. आज मी आणि विनीता कामावर, सीमा शाळेत, आई एकटी.

साडेपाचला घरी आलो. आई खुर्चीवर बसली होती, पदर ओला, हात कोपरापर्यंत तांबूस. टेबलावर मूर्ती. नव्या घागरीसारखी लखलखत होती.

सिंकमध्ये चिंचेचा चोथा, मिठाचा डबा, तारेच्या तीन घासण्या. प्रक्रिया अगदी बरोबर होती, हे मी धातूचा माणूस म्हणून सांगतो. आधी उकळतं पाणी आणि साबणाने मेण काढलं, मग चिंच-मीठ, मग तार. सकाळी नऊला सुरू केलं होतं म्हणे. नऊ दिवसांचं काम आठ तासांत गेलं.

आई खूश होती. "काळीकुट्ट झाली होती रे. हिरवी बुरशी धरली होती. एवढ्या लोकायसमोर जाणार अन तशीच? मी घासल्याशिवाय भांडं कोणाच्या हातात दिलं नाही कधी."

मी ओरडलो. इतक्या मोठ्याने मी तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. एवढं लिहितो की मी म्हणालो, "इथे येऊन पण भांडीच घासलीस! तीस वर्षं लोकांची घासलीस ते पुरलं नाही?" सीमा जिन्यात उभी होती.

आई उठली. सिंकमधला चोथा गोळा केला, सिंक पुसलं आणि खोलीत गेली.

सीमाने विचारलं, "बाबा, व्हॉट डिड यू मीन? आय थॉट आजी वॉज अ टीचर." मी तिला होमवर्क करायला सांगितलं.

क्रेचमारांना फोन केला आणि सांगितलं. ते म्हणाले, "घेऊन ये. तिलाही घेऊन ये."

शनिवार, ३१ मार्च

आई तिच्या मुंबईच्या बहिणीने दिलेलं पांढरं पातळ नेसून सकाळपासून तयार होती. कालचं काही झालंच नाही असं वागत होती. चहा मात्र तिने स्वतः करून घेतला नाही, विनीताने दिला.

दीडला गॅलरीत पोचलो. उल्हास, त्याची बायको नीला आणि मंडळाची दहाबारा माणसं आधीच आली होती. व्हॅनमधून मूर्ती आणून मधल्या चौथऱ्यावर ठेवली, चादर काढली. सगळी काळी डोकी भोवती आणि मध्ये ही. नीला म्हणाली, "अय्या, किती छान चमकतेय!" क्रेचमार खुर्ची ओढून समोर बसले. बराच वेळ पाहत होते. मग उठून मूर्तीच्या कपाळावरून, खांद्यावरून, हातांवरून बोट फिरवलं.

"विचार तिला, कसं केलं."

आईने सांगितलं, मी इंग्रजीत सांगितलं. पाणी, साबण, चिंच, मीठ, तार.

"विचार, कुठे शिकली."

आईने माझ्याकडे पाहिलं. सगळे ऐकत होते. ती म्हणाली, "सांगू का रे?"

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. मग क्रेचमारांकडे वळून, त्यांना मराठी येत असल्यासारखी, सांगायला लागली. "धरमपेठेत चार घरची भांडे घासत होती मी, बाबूजी. तीस वर्षं. तांब्या-पितळेचे. दिवाळीच्या टायमाले तर ढीग राहे. अन शाळेत झाडझूड होती. शिकवलं नाही मी कोणाले, मले वाचता येत नाही. सही येते फक्त. याले शिकवलं तेवढं."

उल्हास माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्याच्याकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही. क्रेचमार माझ्याकडे पाहत होते, भाषांतर कधी येतं त्याची वाट पाहत.

मी म्हणालो, "शी लर्न्ड इट ॲट होम."

"नो, बाबा," सीमा म्हणाली. "दॅट्स नॉट व्हॉट आजी सेड."

मग मी सांगितलं. सगळं, इंग्रजीत, आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. चार घरं, तीस वर्षं, झाडू, सही. त्यावर मी शिकलो हेही. आणि शिक्षिका होती हे मी सांगितलेलं खोटं आहे, तिचं नव्हे, हेही. बोलताना मला रडू आलं. ते लपवण्यात आता काही अर्थ नव्हता.

क्रेचमारांनी मान हलवली, नवीन काही ऐकलं नाही अशी. मूर्तीकडे वळून म्हणाले, "हिला चमकवायचा कोणी हुकूम दिला नव्हता. राहू दे अशीच." मग चौथऱ्यावरचं 'द टीचर' लिहिलेलं कार्ड काढलं, उलटं केलं, खिशातली पेन्सिल माझ्या हातात दिली. "आता तू लिही."

मी लिहिलं, जाईबाई गजभिये. मराठीत लिहिलं गेलं. गॅलरीवाली म्हणाली, "पण हे लोकांना वाचता कसं येणार?"

"त्याला विचारतील," क्रेचमार माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

दुपारभरात चौदा जणांनी विचारलं. पहिल्या तिघांना सांगताना शब्द शोधावे लागले, नंतर सवय झाली.

उल्हास निघताना जवळ आला. "शाळेत होत्या म्हणाला होतास ना रे?"

"होती. झाडायला."

"ओके, फोन करतो," तो म्हणाला. दोन कुटुंबं चहा न घेता गेली. त्यांना दुसरीकडे जायचं असेल किंवा नसेल. नीला मात्र शेवटपर्यंत आईजवळ बसली होती.

रविवार, १ एप्रिल

आई गेली. विमानतळावर मी तिचे पाय धरले आणि माफी मागितली, शुक्रवारची आणि चौदा वर्षांची. ती म्हणाली, "उठ. लोकं पाहून राह्यले." मग म्हणाली, "गणित काऊन सांगितलं रे? मराठी तरी सांगायचं, ते तरी येते मले."

सीमा येताना गाडीत म्हणाली की मिस्टर क्रेचमारना आधीच माहीत होतं, आजीचे हात पाहून. मला तसं वाटत नाही. त्यांनी कधी तसं बोलून दाखवलं नाही.

रविवार, ७ ऑक्टोबर १९८४

सहा महिन्यांनी लिहितोय. फाउंड्री ठीक आहे. उल्हासचा फोन मेमध्ये आला, आता महिन्याकाठी एखादा येतो. कोणी विचारलं तर मी पंप तपासतो असं सांगतो.

क्रेचमारांनी बार्न सोडला. आता एका वृद्धाश्रमात आहेत, एक पलंग, एक कपाट, खिडकी चांगली आहे. डोकी कोणी कोणी नेली. त्यांना भेटायला गेलो की पहिला प्रश्न, "याईबाई कशी आहे?" मूर्ती त्यांनी मला दिली. म्हणाले, "हिला काळी पडू देऊ नकोस." हे त्यांनी म्हणावं याची मला गंमत वाटली.

पण ब्राँझ ते, पडणारच. उन्हाळ्यात दमट हवेने खांद्यांवर तपकिरी डाग आले. म्हणून काल डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानात जाऊन चिंचेची चार पाकिटं आणली. दुकानदार म्हणाला, "भाईसाब, पार्टी है क्या?" मी म्हणालो, नाही, माँचं काम आहे.

आज सकाळी बाह्या वर करून बसलो. सीमाने मीठ धरलं. वीस मिनिटांत बोटं आखडली, तासाभरात कातडी चरचरायला लागली, दोनदा थांबावं लागलं. मी दोन फुटांची एक मूर्ती घासत होतो. ती चार घरं रोज घासायची, दोन वेळा. हे मला नेहमीच माहीत होतं, पण आज हाताला कळलं. अकरा वाजता झाली. सीमा म्हणाली, "इट्स ऑलमोस्ट ॲज गुड ॲज आजीज."

नागपूरला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजतात, म्हणून लगेच आईच्या शेजारच्या श्रीरंग काकांकडे ट्रंककॉल लावला. ते आईला हाक मारायला गेले, मिनिटं जात होती. आई धावत आली असणार, दम लागला होता. मी सांगितलं, तुझी मूर्ती घासली, चिंचेने, मी स्वतः.

मला वाटलं, आता ती रडेल.

ती म्हणाली, "बोटायच्या मधात घासलं का? तिथंच राह्यते."

जाऊन पाहिलं. राहिलं होतं. फोन ठेवला आणि पुन्हा चिंच भिजत घातली.